स्टँडबाय कान

दर सोमवारी सकाळी चहा झाला की मनोहर चांदूरकर कान बदलत. उजव्या कानातलं ऐकण्याचं मशीन काढायचं, मऊ फडक्यानं पुसून डबीत ठेवायचं, आणि कपाटातल्या दुसऱ्या डबीतलं मशीन डाव्या कानात बसवायचं, पुढच्या सोमवारी याच्या उलट. दोन कानांसाठी दोन मशिनं घेतलेली होती. दोन्ही एकाच वेळी घालायची असतात म्हणूनच जोडी घेतली होती. पण हे सांगायला जाणाऱ्याची मनोहररावांना कीव येत असे. चौतीस वर्षं औष्णिक वीजकेंद्रात काढलेल्या माणसाला यंत्र कसं वापरायचं ते कोण शिकवणार?

वीजकेंद्रात पाण्याचे पंप जोडीनं बसवलेले असत. एक चालू, एक स्टँडबाय, आणि दर सोमवारी अदलाबदल. चालू पंप बिघडला तर दुसरा तयार, शिवाय आलटूनपालटून चालवल्यानं दोघांचंही आयुष्य वाढतं. मनोहररावांच्या पाळीत पाण्यावाचून केंद्र एकदाही बंद पडलं नाही, आणि हे अगदी खरं होतं. निवृत्तीनंतर भोपाळला शाहपुऱ्यात घर बांधलं तेव्हा गच्चीवरच्या टाकीसाठीसुद्धा त्यांनी दोन मोटारी बसवल्या होत्या. असा माणूस देवानं जोडीनं दिलेले कान एकदम चालवून झिजवून टाकील, ही अपेक्षाच भाबडी होती.

गंमत अशी, की त्यांच्या घरात सून आली ती नेमकी कानांची. सोनल बिट्टन मार्केटमधल्या एका श्रवणकेंद्रात कान तपासायची, मशिनं बसवून द्यायची आणि ती न वापरणाऱ्या म्हाताऱ्यांना वळणावर आणायची. या शेवटच्या कामात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. मशीन गोदरेजच्या कपाटात कुलूपबंद ठेवणारे, फक्त लग्नकार्यात घालणारे, पूजेच्या वेळी काढून देवापुढे ठेवणारे, सगळे तिनं सुधारले होते. तिच्या धीराचं केंद्रात कौतुक होतं. घरी आल्यावर मात्र हा धीर जिन्यातच कुठेतरी गळून पडायचा.

तिनं सगळे उपाय करून पाहिले होते. एकदा कानाची प्लास्टिकची प्रतिकृती घरी आणली. मनोहररावांनी ती खोलून पाहिली, आतल्या गोगलगाईसारख्या नळीला इतकी वळणं कशाला हवीत, यात दाब किती वाया जातो, असा शेरा मारला आणि पुन्हा जोडून परत दिली. मग तिनं समजावलं, की आवाज डावीकडून आला तर तो डाव्या कानात क्षणभर आधी पोचतो आणि त्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. क्षणभर म्हणजे किती, त्यांनी विचारलं. सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, ती म्हणाली. मनोहरराव प्रेमानं हसले.

"सोनल, एवढ्या वेळात आमच्याकडे वीज तोडणारा रिलेसुद्धा ट्रिप होत नसे."

त्यांचं चुकणं तिला तेवढं खुपत नसे. पूर्ण वाक्यांत, उदाहरणांसकट, आवाज जराही न चढवता चुकणं खुपे. वर त्यांच्याकडे एक हुकमाचं पान होतं, ते म्हणजे त्यांना ऐकू येत होतं. टीव्हीचा आवाज कमी झाला होता, कुकरच्या शिट्ट्या ते बरोबर मोजत होते. ऐकू येतंय ना, मग तुझं दुसरं मशीन काय करणार, असं ते विचारायचे, आणि ऐकू येणं वेगळं, कुठून ऐकू येतं ते कळणं वेगळं, हे तिचं उत्तर त्यांच्या लेखी पुस्तकी होतं.

बरं, हे ज्ञान ते स्वतःपुरतं ठेवतील तर शपथ. एका दुपारी त्यांचे तळ्याकाठच्या फिरण्यातले मित्र गोपीनाथराव श्रवणकेंद्रात आले. मंत्रालयातून निवृत्त झालेले, नागपूरचे, पण जन्म भोपाळात गेलेला. त्यांनी एक मशीन डबीसकट सोनलच्या टेबलावर ठेवलं. "बेटा, हे जमा करून घे. आपला मनोहर बोलला, एकच पुरतं. दुसरं फालतूमध्ये झिजून राहिलं." सोनलनं अर्धा तास खर्ची घालून दुसरं मशीन त्यांच्या कानात बसवून पाठवलं. काचेतून तिला दिसलं, की रस्त्यावर पोचताच त्यांनी ते काढून खिशात टाकलं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण एप्रिलमध्ये सोनलच्या नवऱ्याची, परागची, बदली ग्वाल्हेरला झाली. तो रुजू झाला, सोनल जूनच्या मध्यावर जाणार होती. प्रश्न उरला मनोहररावांचा आणि लीलाबाईंचा, म्हणजे खरं तर लीलाबाईंचाच. दोन वर्षांपासून त्यांना मधूनच चक्कर येई. धोक्याची नव्हती, पाच-दहा मिनिटांत जायची. पण आली की जिथे असतील तिथेच खाली बसायचं आणि हाक मारायची. स्वतःहून उठल्या तर पडणार. कोणी पटकन येऊन हात दिला, गोळी दिली, की झालं. एवढ्यासाठी घरात एक माणूस हवा होता, हाकेला धावून येणारा.

लीलाबाईंना ग्वाल्हेरला जायचं नव्हतं. त्यांच्या गच्चीवर बेचाळीस कुंड्या होत्या. कढीपत्त्याचं झाड तर कुंडीत मावेनासं झालं होतं. शिवाय ज्या घराच्या भिंतींना त्यांनी स्वतः पाणी मारलं ते सोडून परक्या गावच्या भाड्याच्या घरात शेवटची वर्षं काढायची, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. परागचं म्हणणं सोपं होतं. बाबांना ऐकू येत असेल तर राहा, नसेल तर चला. बाबा म्हणत, येतं. एका संध्याकाळी कोथिंबीर निवडता निवडता लीलाबाईंनी सोनलला विचारलं.

"तू कानाची माणूस आहेस. तू हो म्हणालीस तर पराग ऐकेल. राहू शकतो ना गं आम्ही इथे?"

सोनलला हो म्हणायचं होतं. पण एका मशिनाच्या भरवशावर ते म्हणता येत नव्हतं. तिनं कोथिंबिरीच्या काड्या गोळा केल्या आणि विषय बदलला.

मेच्या अखेरच्या एका गुरुवारी ती तपासणीच्या काही फायली घरी विसरली म्हणून पावणेबाराला परत आली. दार सताड उघडं, खाली कोणी नाही. हाका मारल्यावर वरून सासऱ्यांचा आवाज आला. गच्चीवर टाकीच्या सावलीत लीलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोक्यावर ओला टॉवेल, चेहरा लालबुंद. बाजूला मनोहरराव साखरमिठाच्या पाण्याचा पेला धरून उकिडवे बसलेले. लीलाबाईंच्या पोटरीवर रुपयाएवढा फोड आला होता. चक्कर आली तेव्हा त्या कढीपत्त्याजवळ होत्या, तिथे सावली नव्हती, आणि गच्ची तव्यासारखी तापलेली होती.

"लूचा गरम वारा चालू आहे ना," मनोहरराव म्हणाले. "वाऱ्यानं थोडा उशीर झाला."

"आले ना ते," लीलाबाई म्हणाल्या. "तू उगाच घाबरू नकोस."

संध्याकाळी फोडाला मलम लावताना सोनलनं विचारलं, थोडा म्हणजे किती. लीलाबाईंनी आधी मनोहरराव जवळपास नाहीत ना ते पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "वही बघ. तोंडानं ते काहीही बोलतील. वहीत खोटं लिहीत नाहीत."

वही म्हणजे मनोहररावांची नोंदवही. जाड पुठ्ठ्याची, हिरव्या कापडी पाठीची. वीजकेंद्रात प्रत्येक पाळीला घडलेलं सगळं वेळेसकट लिहावं लागे, ती सवय त्यांनी घरी आणली होती. गॅसचं सिलिंडर कधी लागलं, मोटार किती वेळ चालली, कान कधी बदलला, सगळं त्यात असे. चार रकाने होते. वेळ, घटना, कारण, शेरा. सोनलनं ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या उघडली.

"११.१० लीलाची हाक. ११.११ स्वयंपाकघर, नाही. ११.१३ न्हाणीघर, नाही. ११.१६ फाटक, नाही. ११.२० मागचं अंगण, नाही. ११.२४ पुन्हा स्वयंपाकघर. ११.२७ देवघर, पलंगाखाली. ११.३१ समोरच्या इस्त्रीवाल्यास विचारलं, तो म्हणाला, आवाज वरून येतो आहे. ११.३३ गच्ची. सापडली." कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, वारा. आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, "हाक पूर्ण वेळ स्पष्ट ऐकू येत होती."

सोनलला रडू आलं आणि भयंकर रागही आला, दोन्ही एकदमच. तेवीस मिनिटं बायको उन्हात हाका मारते आहे, हा माणूस प्रत्येक हाक ऐकतो आहे, घरभर धावतो आहे, पलंगाखाली वाकून बघतो आहे, आणि तरी कपाटातल्या डबीत पडलेल्या मशिनाची त्याला आठवण होत नाही. मेंदू, नळ्या, सेकंदाचे भाग, सगळं तिनं मनातून पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वही त्यांच्यासमोर उघडी ठेवली.

"बाबा, केंद्रात धोक्याची घंटा वाजते आहे, आणि ती कुठल्या यंत्राची हे तेवीस मिनिटं कोणाला कळत नाही. असं झालं तर?"

"असं होत नाही."

"झालं तर?"

मनोहररावांनी चष्मा काढला. "चौकशी बसते."

"मग बसवा."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. मग म्हणाले, आधी चाचणी, चाचणीशिवाय चौकशी होत नसते. आणि एकदा चाचणी म्हटल्यावर ती त्यांच्या पद्धतीनं. रविवारी सकाळी नऊला. हॉलच्या मधोमध खुर्ची, डोळ्यांवर पंचा बांधलेला. पंखे बंद, खिडक्या बंद, म्हणजे वाऱ्याचं नाव घ्यायला नको. लीलाबाईंनी व्हरांडा, स्वयंपाकघर, देवघर, झोपायची खोली, यांपैकी कुठूनही हाक मारायची, मनोहररावांनी बोट दाखवायचं, मग लीलाबाईंनी आपण होतो त्या दारातून बाहेर येऊन दिसायचं. कुठून हाक आली हे सोनललाही कळता कामा नये, म्हणून तिनं दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालायचे, हा नियम त्यांचाच. परीक्षकाला उत्तर माहीत असलं की तो नकळत इशारे करतो, ते म्हणाले. सोनलला हे पटलं. चुकणाऱ्या माणसाची शिस्त किती चोख असू शकते, याचं तिला नवलही वाटलं.

पहिली फेरी एका मशिनाची. "अहो," हाक आली. मनोहररावांचा हात सरळ देवघराकडे गेला, न थरथरता. देवघराच्या दारातून लीलाबाई बाहेर आल्या. दुसरी हाक, बोट स्वयंपाकघराकडे, लीलाबाई स्वयंपाकघरात. तिसरी बरोबर. चौथीही. सहापैकी सहा.

"लिहून घे," पंच्याआडून मनोहरराव म्हणाले.

सोनलचं पेन थांबलं. हे होणं शक्य नव्हतं. बारा वर्षं ती कान बघत आली होती, आणि या कानांचे आलेख तर तिनं स्वतः काढले होते. क्षणभर तिला वाटलं, आपणच तर चुकत नाही ना? मग तो विचार तिनं झटकला. तिचं ज्ञान सहा बोटांनी पडण्याइतकं कच्चं नव्हतं. सातवी हाक मागून तिनं कानांतले बोळे काढले, ती उठली आणि अनवाणी मागच्या बोळाच्या तोंडाशी गेली. स्वयंपाकघर, देवघर आणि झोपायची खोली आतून जोडणारा तो बोळ होता.

लीलाबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली. पडद्याच्या फटीतून नवऱ्याचं बोट झोपायच्या खोलीकडे गेलेलं पाहिलं. आणि एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट धरून, वाजू नयेत म्हणून, त्या चवड्यांवर लगबगीनं झोपायच्या खोलीकडे निघाल्या.

सोनलनं त्यांना बोळातच धरलं. आधी तिला भीती वाटली, ही बाई चक्कर येऊन इथेच पडेल. मग सगळं लक्षात आलं. सहाच्या सहा वेळा त्या अशाच धावल्या होत्या. चाळीस वर्षं त्या हेच करत आल्या असणार, ते दाखवतील तिथे जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, बरोबर आहे तुमचं.

"आई," ती म्हणाली, हॉलमध्ये ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात, "त्या दिवशी गच्चीवरून तुम्हाला त्यांच्या बोटापर्यंत चालत येता आलं नव्हतं."

हॉलमध्ये खुर्ची करकरली. मनोहररावांनी पंचा वर सरकवला होता.

"लीला, तू जागा बदलत होतीस?"

लीलाबाई पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या. "ग्वाल्हेरला नाही जायचं हो मला," त्या म्हणाल्या.

"किती वेळा?"

"सगळ्याच वेळा."

मनोहररावांच्या चेहऱ्यावर जे आलं ते सोनलला बघवलं नाही. तिनं मान वळवली. तिला वाटलं ते आता उठून जातील. पण ते उठले नाहीत. त्यांनी पंचा पुन्हा डोळ्यांवर ओढला, गाठ घट्ट केली आणि खुर्ची सरळ करून बसले.

"पहिल्यापासून घ्या," ते म्हणाले. "लीला, जिथून हाक मारशील तिथून हलायचं नाही."

या वेळी सहापैकी पाच चुकल्या. प्रत्येक वेळी हात तसाच सरळ आणि ठाम गेला, आणि पाच वेळा लीलाबाई भलत्याच दारातून बाहेर आल्या. मनोहररावांना दिसत नव्हतं, म्हणून ते दर वेळी विचारत, आणि सोनल सांगे, नाही. पाचव्या नकाराला तिचाही आवाज खाली आला. मग त्यांनी मशीन काढून स्टँडबाय मागितलं. नुसत्या डाव्या कानानंही तेच झालं. त्यांनी उजवा तळहात पुढे केला. सोनलनं दुसरं मशीन त्यावर ठेवलं.

दोन्ही कानांनी पहिली हाक आली तेव्हा हाताच्या आधी त्यांची मान वळली. विचार न करता, कोणी खांद्यावर टिचकी मारल्यावर वळते तशी. स्वयंपाकघर. बरोबर. व्हरांडा. बरोबर. चौथ्या हाकेला ते चुकले, देवघराऐवजी झोपायची खोली दाखवली. बाकी पाच बरोबर आल्या. सोनलनं सांगितलं, सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतील, मग आणखी नेमकं कळेल. त्यांनी मान हलवली. चाचणी संपली तरी ते पंचा काढेनात.

"अजून एकदा मार," ते म्हणाले.

"अहो," लीलाबाई म्हणाल्या. त्या त्यांच्या खुर्चीच्या अगदी मागे उभ्या होत्या. मनोहररावांनी न बघता हात मागे नेला आणि त्यांचं मनगट धरलं.

पुढचे पंधरा दिवस दोन्ही मशिनं रोज कानात राहिली. याबद्दल घरात चकार शब्द निघाला नाही. चौकशीचं काय झालं हे सोनलनं विचारलं नाही, आणि आपण जिंकलो हे कोणाला सांगावंसंही तिला वाटलं नाही. मात्र लीलाबाईंनी कोथिंबीर निवडताना पुन्हा तोच प्रश्न विचारला तेव्हा ती म्हणाली, "हो आई. राहू शकता." त्याच रात्री तिनं परागलाही फोनवर तसं सांगितलं.

निघायच्या दिवशी सकाळी सामान दारात लागलं होतं. मनोहरराव आरामखुर्चीत बसून फोनवर गोपीनाथरावांना ज्ञान देत होते. "अरे, दोन कान म्हणजे दोन पंप नाहीत. एका शाफ्टची दोन बेअरिंगं आहेत. एक काढून ठेवलं तर शाफ्ट सरळ फिरेल का? साधी गोष्ट आहे. कोणालाही कळेल." आवाजात तोच जुना ठामपणा होता, बोलणं तसंच पूर्ण वाक्यांत, उदाहरणासकट. सोनलला हसू आलं. गोपीनाथरावांना तिनं अर्धा तास समजावलं होतं, हे पाच मिनिटांत पटवतील आणि तो माणूस खिशातलं मशीन आजच कानात घालेल.

ग्वाल्हेरचा पत्ता आणि औषधांच्या वेळा लिहून ठेवाव्यात म्हणून आतल्या खोलीत बसून तिनं नोंदवही उघडली. पानं उलटताना मेच्या अखेरचा तो गुरुवार समोर आला. कारणाच्या रकान्यातला 'वारा' एका सरळ रेघेनं खोडलेला होता. त्यापुढे लिहिलं होतं, "चालकाची चूक," आणि खाली पूर्ण सही, मनोहर विश्वनाथ चांदूरकर, तारखेसकट. तारीख चाचणीच्या रविवारची होती.

तेवढ्यात हाक आली. "अहो."

सोनल ताडकन उठली. पण हॉलमध्ये फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, चपला न घालता पावलं निघाली, आणि स्वयंपाकघराकडे, फाटकाकडे, कुठेही न वळता थेट जिना चढू लागली. ती पुन्हा खाली बसली. वरून दोघांच्या बोलण्याचा आवाज आला. कुठल्या तरी कुंडीवरून वाद चालला होता.

थोड्या वेळानं मनोहरराव खाली आले, कपाळाचा घाम पुसला, तिच्या हातातून वही घेतली आणि खिशातलं पेन काढलं. त्यांच्या खांद्यावरून तिनं वाचलं.

"१०.४० लीलाची हाक. १०.४० गच्ची. कारण, मोगऱ्याची कुंडी सावलीत सरकवणे."

शेऱ्याचा रकाना त्यांनी रिकामाच ठेवला.